नाव घातलेलं भांडं

भाऊंनी टेबलावरच्या ढिगातली एक लग्नपत्रिका उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि अगदी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "कृपया आहेर आणू नये, ही नम्र विनंती." मग दुसरी उचलली. "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर." तिसरीतही तेच. चौथीला हात न लावता ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं वैजू, एवढ्या लग्नांना जेवून आलीस की काय?"

"जेवले कुठली! छापखान्यातून आणल्या. छापताना बिघडलेल्या प्रती टाकून देतात ना, त्या मागून घेतल्या. गेल्या तीन हंगामांच्या आहेत."

"आणि काय सांगतायत त्या?"

"आपला आहेराचा धंदा संपत आलाय, असं सांगतायत भाऊ."

रावसाहेब मगदूमांना सगळा कारखाना भाऊ म्हणायचा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची 'हेमांगी स्टील' होती. लेकीच्या जन्माच्या वर्षी सुरू केली म्हणून तिचंच नाव. कळशा, ताटं, डबे, पिंपं. त्यातला निम्मा माल लग्नात आहेर म्हणून जायचा. कोल्हापुरातून एमबीए करून मी तिथं लागले, तेव्हा बाजाराचा अभ्यास करायला पगार देतात हेच तिथल्या लोकांना पटेना. विक्री बघणारा पाटणे मला 'पत्रिकावाली' म्हणायचा. मी हसून सोडून द्यायचे, कारण भाऊ माझ्या बाजूचे होते. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ते मला ओळखत. तासगावच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात माझ्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, मांडी घालून बसायचे, आईच्या हातचं थालीपीठ मागून खायचे आणि म्हणायचे, "अण्णा, ही पोरगी मोठी झाली की मला द्या. माझा कारखाना सांभाळंल."

तर त्या दिवशी मी लिहून आणलेला अहवाल भाऊंपुढं ठेवला आणि सगळं उलगडून सांगितलं. पत्रिका झाल्या, मग बिल्डरांचे नकाशे पसरले. नव्या फ्लॅटांत स्वयंपाकघराला माळाच नाही. पिंप आलं तर ठेवणार कुठं, बाथरूममध्ये? मंगल कार्यालयांत आता केटरर स्वतःची ताटं घेऊन येतो. सुना नोकरीला जातात, त्यांना एक कढई, एक कुकर आणि चांगला डबा हवा; सहा कळशा नकोत. पाहुण्यांनाही बसमधून हंडा नेण्यापेक्षा खिशातून पाकीट नेणं सोपं.

"सांगलीत हे झालंच आहे," मी म्हणाले. "तालुक्याच्या गावात पुढच्या हंगामात होईल. खेड्यात त्याच्या मागून. आपण आत्ताच सपाट बुडाची, फ्लॅटवाल्यांची भांडी काढायला घेतली पाहिजेत. आणि दुकानदारांना लवकर सांगायला पाहिजे, की आहेराचा माल भरू नका."

भाऊ उठून खिडकीशी गेले. खाली गोदाम होतं. येत्या हंगामासाठी केलेल्या कळशा एकीवर एक रचून छताला टेकल्या होत्या.

"किती खात्रीनं सांगतीस बाळ?"

"यात माझं काही नाही भाऊ. लोक स्वतःच छापून सांगतायत."

ते वळले आणि हसले. "पाटणेला वाटतं तू नुसते कागद रंगवतीस. पण मला पटलं. शब्दन्‌शब्द पटला."

आता सांगायला हरकत नाही, त्या वाक्यानं मी हवेत गेले होते. घरी, कॉलेजात, कुठंच कुणी माझं बोलणं असं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

"हे अण्णांना बोललीस का?" भाऊंनी विचारलं.

"नाही. कारखान्याचं काम आहे, घरी कसं बोलू?"

"शाबास. बोलू पण नको इतक्यात. तुझ्या तोंडून अर्धवट गेलं तर दुकानदार बिथरतील. मी स्वतः एकेकाला बोलावून समजावून सांगतो. तू पुण्याला जा. दोन महिने राहा. बायकांची स्वयंपाकघरं बघ, काय लागतं, काय नाही, सगळं बघून ये. नवा माल तुझ्या सांगण्याप्रमाणंच काढायचा."

मी पुण्याला गेले. कोथरूडमधल्या, सिंहगड रोडवरच्या अनोळखी बायकांच्या ओट्यांशी उभी राहून त्यांच्या भांड्यांची चौकशी केली, त्यांचा चहा प्यायले, त्यांच्या सासवांची गाऱ्हाणी ऐकली. दर रविवारी अण्णांना फोन करायचे. अण्णा भलतेच खुशीत असत.

"तुमच्या भाऊंची माणसं येऊन गेली का हो दुकानात?" मी एकदा विचारलं.

"आली की! पाटणे स्वतः आला होता. सगळं सांगितलं त्यानं."

"मग? पटलं तुम्हाला?"

"न पटून सांगतो कुणाला? घरच्या पोरीचा अभ्यास हाय!" अण्णा फोनवरच हसले. "बरं, तू फोनवर काय बोलू नको. कंपनीचं गुपित असतंय. ये तू, मग दाखवतो गंमत."

मला वाटलं, भाऊंनी शब्द पाळला. अण्णांचं भलं झालं आणि त्यात माझा हात आहे. त्या रात्री मी खोलीवरच्या मुलींना आइस्क्रीम खिलवलं.

हेमांगीचं लग्न सांगलीत होतं. मी पुण्याहून पहाटेची एसटी धरली आणि पिशवीसकट थेट कार्यालयाच्या दारात उतरले. दारातच अण्णा दिसले. पांढरं धोतर, काळा कोट, टोपी आणि दोन्ही हातांत धरलेली लाल चकचकीत कागदात गुंडाळलेली कळशी. त्यांच्या मागं विट्याचे शेटेकाका, त्यांच्या मागं जतचे, कवठ्याचे, आटपाडीचे दुकानदार. सगळ्यांच्या हातांत तसंच लाल कागदातलं भांडं. आणि समोर हात जोडून हेमांगीचे मामा उभे.

"माफ करा," मामा म्हणत होते, "आहेर घेत नाही आम्ही. पत्रिकेत छापलंय तसं."

"वाचलं हो," अण्णा हसत म्हणाले. "असं लिहायचं असतं. लिहिलं म्हणून कोण रिकाम्या हातानं येतंय?"

अण्णांचं खरंच तसं होतं. त्या ओळीला ते नुसती रीत समजायचे, वाढणाऱ्याला 'पुरे, पुरे' म्हणावं तशी. आयुष्यात ते कुठल्या लग्नाला रिकामे गेले नव्हते. भांड्यावर नाव घालायचं मशीन ते दुकानात स्वतः चालवायचे. चि. सौ. कां. अशी अक्षरं घालताना श्वास रोखून धरायचे. मशीनच्या वर, मला वाचता येऊ लागलं तेव्हापासूनची पाटी होती : नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही.

"तसं नाही," मामांनी आवाज जरा चढवला. "खरंच घेत नाही. मघाशी कोल्हापूरकरांचं पण परत केलं. भाऊंनीच सांगून ठेवलंय, एकाचंही भांडं आत येता कामा नये. न्यायचं कुणी मग? पोरगी बंगळूरला फ्लॅटमध्ये चाललीय."

"अहो, पण तुमच्याच कारखान्याचं आहे हे!" शेटेकाका म्हणाले.

"म्हणून तर," मामा म्हणाले आणि बायकांना अत्तर लावणाऱ्या मुलीकडे वळले.

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव नव्हता. त्यांना मी दिसले. ते नुसते बघत राहिले. बापानं लेकीकडे तसं बघू नये.

मी त्यांचा कोपर धरून त्यांना कार्यालयाच्या बाजूला, चपलांच्या मांडणीपाशी नेलं. कळशीचा कागद एका बाजूनं फाटला होता. आतून कोरलेली अक्षरं दिसत होती. शुभविवाह, सप्रेम भेट. ती अण्णांच्या हातची नव्हती. सगळी एकसारखी, साच्यातली.

"हे कुणी कोरलं अण्णा?"

"कुणी म्हणजे? कारखान्यातूनच कोरून आलंय. तुझीच युक्ती ना ती?"

"माझी?"

"पाटणे म्हणाला. वैजूताईंनी तीन हंगामांच्या पत्रिका तपासल्यात, पुढची तीन वर्षं आहेराला मरण नाही. माल आत्ताच भरा, पुन्हा मिळायचा नाही. वर नाव घालायचा तुमचा त्रास पण ताईंनी वाचवलाय, सगळं कोरूनच देतो." अण्णा थांबले. "कोरलेला माल परत घेत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. तरी भरला. दुकान भरलं, वरची खोली भरली. तुझ्या आईच्या देवघरात सुद्धा ताटं हायत. पोरीचा शब्द म्हटल्यावर मी विचारतो कशाला?"

शेटेकाका मागं येऊन उभे होते. "आणि अण्णांनी भरला म्हटल्यावर आम्ही भरला," ते म्हणाले. "पाटणे प्रत्येकाच्या दुकानात तेच सांगत होता. तासगावच्या अण्णांनी वरची खोली रिकामी केली, त्यांची लेक आतल्या गोटातली हाय."

मला तेव्हा कळलं. पुण्याला मला शिकायला नव्हतं धाडलं. मी वाटेत नको होते म्हणून धाडलं होतं.

भाऊ वरपक्षाच्या खोलीबाहेर भेटले. गुलाबी फेटा, कपाळावर गंध, डोळे ओले. लेकीचं लग्न होतं. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "आलीस बाळ! जेवून घे आधी."

"भाऊ, तुम्ही माझ्या नावावर काय खपवलंत?"

त्यांनी हात खाली घेतले. इकडंतिकडं बघून मला जिन्याखाली नेलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील. पाटणेवर ढकलतील. मी त्याचीच वाट बघत होते, खरं सांगते. पाटणेवर ढकललं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

"गोदाम तू बघितलं होतंस ना?" ते शांतपणे म्हणाले. "त्या मालाचं मी काय करायचं होतं? वितळवायचा? कामगारांना काय सांगायचं, की वैजूनं पत्रिका वाचल्या, उद्यापासून येऊ नका?"

"मी लिहिलं होतं, दुकानदारांना आधी सांगा."

"ते वाचलं मी. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. तुझं एक अक्षर खोटं असतं ना, तर मी निवांत बसलो असतो. खरं होतं म्हणूनच घाई केली."

"आणि अण्णा? तुम्ही त्यांच्या ताटात जेवलात भाऊ."

त्यांनी फेटा जरासा सैल केला. "अण्णांनी घेतलं नसतं तर जिल्ह्यात कुणी हात लावला नसता. तुलाही माहीत आहे ते." मग आवाज एकदम मऊ झाला, थालीपीठ मागताना व्हायचा तसा. "हे बघ, अण्णांचा माल मी परत घेतो. कोरलेला असला तरी. आठवड्याभरात टेम्पो पाठवतो, कुणाला कळायचं नाही. बाकीच्यांचं मात्र तोंडातून काढू नको. आणि तू कुठं जाऊ नको. नवा माल तुझ्याच अभ्यासावर निघणार आहे. मला तुझ्याइतकं कुणाचं पटत नाही."

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त कशाचं लागलं, ते सांगते. अण्णांना बुडवल्याचं लागलं, माझं नाव विकल्याचं लागलं. पण सगळ्यात जास्त हे लागलं, की या माणसानं माझ्यावर खरोखरच पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासाच्याच जोरावर माझा केसानं गळा कापला होता. माझा अंदाज चुकला असता तर आमचं दुकान वाचलं असतं.

वर मंगलाष्टकं सुरू झाली. भाऊ डोळे पुसत घाईनं निघून गेले. लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या.

मी अण्णांकडे परत आले. ते चपलांच्या मांडणीच्या कट्ट्यावर बसले होते, कळशी मांडीवर. बाकीचे दुकानदार थोड्या अंतरावर एकमेकांशी हळू बोलत होते. मी सगळं सांगितलं, मी काय लिहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते. अण्णांनी एकच विचारलं.

"म्हणजे तू तसं म्हणाली नव्हतीस?"

"नाही हो अण्णा. उलटंच म्हणाले होते."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "मग बरं. दारात उभा होतो, तेव्हा मनात एक वाईट आलं होतं. पगारासाठी पोरीनंच... जाऊ दे. मग बरं."

वरची खोली भरलेली, देवघर भरलेलं, आणि हे म्हणतात मग बरं. मला रडू आवरेना.

"भाऊ आपला माल परत घेतो म्हणतायत," मी डोळे पुसत सांगितलं. "गुपचूप. फक्त आपला."

अण्णांनी दुकानदारांकडे पाहिलं. शेटेकाकांनी अजून भांडं छातीशी धरलं होतं, खाली ठेवायला जागा असूनही.

"आपल्या दुकानात ती पाटी कुणी लावलीय?"

"तुम्ही."

"मग? नाव घातलेलं भांडं परत होत नसतं. त्या मालावर नाव आपलं पडलंय. माझ्याकडं बघून भरलाय त्यांनी." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "शेटे, इकडं या सगळे. पोरगी काय सांगतीय ते ऐका."

मी पुन्हा सगळं सांगितलं, भाऊंनी मला काय देऊ केलं तेही, कारण अण्णांनी तेही सांगायला लावलं. कुणी ओरडलं नाही. शेटेकाका एवढंच म्हणाले, "विश्वास पानिपतात गेला म्हणतात, ते उगीच नाही." मग एकेकानं आपापलं भांडं उचललं. जेवणाच्या पंगती बसत होत्या, बासुंदीचा वास सुटला होता. आमच्यापैकी कुणी जेवलं नाही. लग्नातून उपाशी परतण्याची अण्णांची ती पहिली वेळ.

मी नोकरी सोडली. पुढच्या हंगामात नेमकं मी लिहिलं होतं तसं झालं. तालुक्याच्या गावातल्या पत्रिकांवरही ती ओळ आली आणि आमच्या वरच्या खोलीतल्या कळशा तिथंच राहिल्या. सप्रेम भेट कोरलेली कळशी रोजच्या पाण्यासाठी कोण घेणार? गिऱ्हाईक अक्षरं बघून हसायचं आणि साधी मागायचं. अण्णांनी अर्ध्या दुकानात मोबाइलवाल्याला जागा दिली. नाव घालायचं मशीन त्यांनी फडक्यात बांधून ठेवलं. 'हेमांगी'ची सपाट बुडाची भांडी मात्र धडाक्यात चालली. पुण्यातल्या बायकांनी मला सांगितलेली एकूण एक गोष्ट त्यांत होती. झाकणाची मूठ गरम होऊ नये, ही सिंहगड रोडवरच्या एका आजींची सूचना होती.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिला. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. मला बिघडलेल्या प्रती देणारे तेच ते.

"वैजूताई, शेवटच्या ओळीत चूक आहे बहुतेक. 'आहेर अवश्य आणावा' असं लिहिलंय. 'आणू नये' करू ना?"

"अण्णांना विचारते," मी म्हणाले. अण्णा शेजारीच होते. त्यांनी फोन घेतला आणि "आहे तसंच छापा," म्हणून ठेवून दिला. सासरची मंडळी जरा चपापली. नवरा म्हणाला, असू दे.

लग्न तासगावातच होतं. अण्णांनी दाराच्या आत टेबल मांडून त्यावर पांढरी चादर घातली होती आणि शेजारी खुर्ची टाकून स्वतः बसले होते. मला धाकधूक होती, कोण येणार आणि काय घेऊन? आधी शेटेकाका आले. लाल चकचकीत कागद, आत कळशी, शुभविवाह, सप्रेम भेट. मग जतचे आले, कवठ्याचे आले, आटपाडीचे आले. सगळ्यांच्या हातांत तीच कळशी. बायकांना हसू फुटलं. शेटेकाका म्हणाले, "अण्णा, एक तरी खपली म्हणायची!" त्यावर अण्णा इतके हसले की टोपी खाली पडली. टेबल भरलं, मग टेबलाखाली, मग भिंतीशी रास लागली.

मुहूर्ताला थोडा वेळ असताना कारखान्याची गाडी आली. भाऊ नव्हते. त्यांचा ड्रायव्हर मोठं खोकं घेऊन उतरला. खोक्यावर नव्या सपाट भांड्यांचं चित्र, वर सोनेरी फीत. "भाऊंनी लेकीसाठी पाठवलंय," तो म्हणाला. "स्वतः येणार होते, पण..."

अण्णा खुर्चीतून उठले. धोतराचा सोगा सारखा केला आणि दारात जाऊन हात जोडले.

"माफ करा. आम्ही आहेर घेत नाही."

ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. भिंतीला लागून छातीभर उंच कळशांची रास होती. मग त्यानं खिशातून पत्रिका काढली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण अण्णा, यात तर..."

"वाचलं हो," अण्णा म्हणाले. "असं लिहायचं असतं."